गालावरची वस्ती

घनसावंगीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत अंजूचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दाराला गुलाबी पडदा. नऊ वर्षं बरं चाललेलं हे पार्लर त्या वर्षी पोळ्यानंतर ओस पडायला लागलं, आणि त्याला कारण होतं खुद्द अंजूचं तोंड.

गाल लालभडक. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्यांची दाटी. जरा ऊन लागलं की भाजल्यासारखं व्हायचं, चहा उकळायला गॅससमोर उभी राहिली तरी आग आग. पडदा सारून आत आलेल्या बाया तिच्याकडं बघायच्या, खुर्चीकडं बघायच्या आणि "नंतर येते गं" म्हणून परत फिरायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? जिचं स्वतःचंच असं झालंय, तिच्या हातात आपलं तोंड कोण देईल?

चूक कुठं झाली हे अंजूला मनातून ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मेडिकलच्या दुकानातून तिनं एक ट्यूब आणली होती. आठ दिवसांत रंग उजळला. मग रोज झोपताना लावायची सवयच झाली. दोन दिवस खंड पडला की तोंड चुणचुणायचं, लावली की शांत व्हायचं. तीच ट्यूब तिनं गिऱ्हाइकांनाही दिली, लग्न ठरलेल्या पोरींना तर आवर्जून. या पोळ्यापासून मात्र ती लावूनही तोंड शांत होईना.

गिऱ्हाईक तुटलं याचं दुःख होतंच. पण अंजूच्या मनाला दुसरंच काही खात होतं, आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

तिला आई आठवत नव्हती. आठ महिन्यांची असताना आई तिला टाकून निघून गेली, एवढंच तिला सांगितलेलं. वाढवलं ते आत्यानं, चतुराबाईनं. घरात आईचा एक फोटोसुद्धा नाही. तेव्हा लहानपणापासून अंजू आरशापुढं बसून हिशेब लावायची. नाक बापाचं, आबारावाचं. कपाळ आत्यासारखं. पण ही खळी पडलेली हनुवटी आणि हे वर आलेले गाल घरात कुणाचेच नव्हते. मग ते आईचेच असणार. तिच्या लेखी आई म्हणजे आरशातला तेवढा भाग. पार्लर टाकलं तेव्हा एवढा मोठा आरसा कशाला, असं नवरा म्हणाला होता. तिनं हसून विषय बदलला होता. आता त्या आरशात हनुवटी सुजून बसली होती आणि खळी बुजून गेली होती.

"असं किती दिवस तोंड झाकून बसणार हाईस?" एक दिवस परमेश्वर म्हणाला. तिचा नवरा प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवायचा. "उद्या जालन्याला चल. चामडीची डॉक्टरीण हाये म्हणत्यात, चांगली हाये."

डॉक्टर भावना वयानं अंजूएवढ्याच असतील. त्यांनी आधी तोंड न बघता पर्स बघितली.

"ताई, जे लावता ते सगळं काढा बाहेर."

अंजूनं ट्यूब टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटून बारीक अक्षरं वाचली. "यात स्टेरॉईड आहे. किती दिवस लावताय?"

"तीन वर्षं झाली."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. काचेच्या पट्टीवर त्यांनी चिकट द्रवाचा थेंब घेतला, ती पट्टी अंजूच्या गालाला दाबून धरली आणि मिनिटभरानं अलगद ओढून काढली. पलीकडच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. त्यात त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघायचंय का?"

अंजूनं डोळा लावला. आधी नुसतं धुकं दिसलं. डॉक्टरांनी चक्री फिरवली तसा धुक्यातून एक लांबट जीव वर आला. काचेसारखा आरपार, मागं निमुळता, आणि तोंडापाशी आखूड आखूड पाय. तिनं मोजले. आठ. त्यातला एक हलत होता.

"गोचीड हाये का हे?"

डॉक्टर हसल्या. "तुम्हाला कसं कळलं? त्याच कुळातला आहे. डेमोडेक्स म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक."

"आमची मेंढरं होती. गोचिडं वेचण्यात लहानपण गेलं." मग तिला एकदम शिसारी आली. "माझ्या तोंडावर गोचिडं?"

"माझ्याही तोंडावर आहेत. बाहेर बाकावर बसलेत त्यांच्याही. मोठ्या माणसांत जवळजवळ सगळ्यांच्याच. केसांच्या मुळाशी राहतात. थोडे असले की कुणाला कळत पण नाही. तुमच्या ट्यूबनं कातडीची राखण गेली, म्हणून ते माजले. घाण म्हणून झालेत असं मनात आणू नका."

"पण आले कुठून?"

"नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या अंगावर एकही नसतो," डॉक्टर औषधं लिहिता लिहिता म्हणाल्या. "मग आई त्याला जवळ घेते, पाजते, गालाला गाल लावते. तसे येतात. बहुतेकांना आईकडूनच. आणि एकदा आले की त्यांचं पुढचं पुढचं चालूच राहतं, पिढ्यान् पिढ्या, त्याच तोंडावर."

अंजूचा हात गालाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"आठ महिनेच आई असली तर?"

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. क्षणभर त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. "आठ महिने पुष्कळ झाले. पण खात्रीनं नाही सांगता येत, ताई. ज्यानं ज्यानं जवळ घेतलं असेल, त्याच्याकडूनही येतात."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ट्यूब आजपासून बंद. आधी तोंड जास्त भडकेल, घाबरायचं नाही, परत लावायची नाही. महिनाभरानं उतार पडेल. रोज एक मलम, सोबत गोळ्या, उन्हात जाताना चेहरा झाकायचा.

उठता उठता अंजूनं विचारलं, "ह्यानं सगळे मरतील का ते?"

"सगळे कधीच जात नाहीत. थोडे राहतातच."

"बरं," अंजू म्हणाली. तिला हायसं वाटलेलं बघून डॉक्टरांनाच नवल वाटलं.

परतीच्या वाटेवर अंबड मागं पडेस्तोवर ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला आठवायला काही नव्हतंच, तरी ती आठवायचा प्रयत्न करत होती. एक बाई, एक लेकरू, गालाला गाल. नुसती टाकून देणारी बाई असती तर गालाला गाल कशाला लावला असता?

घरी आत्या ओसरीवर तूर निवडत बसली होती. सत्तरीला टेकलेली, काटक बाई. भाऊ वारल्यापासून ती अंजूजवळच राहायची. अंजूनं चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "आत्या, मी लहान असताना मला जवळ कोण घ्यायचं?"

"कोण म्हंजी? मी. माझ्याच कुशीत निजायचीस तू, सात वर्षांची होईस्तोवर."

"अन् त्याच्या आधी?"

आत्यानं सूप जरा जास्तच जोरात पाखडलं. "काय म्हणली डॉक्टरीण? खरूज हाये का? मी म्हणलं होतं लिंबाचा पाला उकळून लाव."

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. ट्यूब सुटल्यावर चौथ्या दिवशी तोंड असं पेटलं, की अंजू पार्लरला कुलूप लावून घरी पडून राहिली. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा सुजल्या. दोनदा ती उठून ट्यूब शोधायला लागली. परमेश्वरानं ती आधीच नेऊन फेकली होती.

आत्यानं आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडलं. त्याच्या घड्या माठातल्या पाण्यात बुडवून, पिळून ती अंजूच्या तोंडावर ठेवायची. गरम झाली की दुसरी. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं, श्वासापुरती नाकपुडी उघडी. दुपारभर हेच चालायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी, अशाच एका दुपारी, घडी बदलता बदलता आत्या बोलायला लागली. अंजूचे डोळे झाकलेले होते, म्हणूनच तिला ते जमलं असावं.

"तुझी आई तुला टाकून गेली न्हाई, अंजे."

अंजूनं कापडाखाली डोळे उघडले.

"तिची माय वारली होती. सांगावा आला. आमच्या मायनं, म्हंजी तुझ्या आजीनं जाऊ दिलं न्हाई. मेंढरं विऊन राह्यली होती, घरात हात पायजेत म्हणली. तुला त्या दिवशी ताप होता, अन् पाऊस असा की वढं भरून चालले. तुझी आई मागल्या दारानं माझ्यापाशी आली. 'वन्सं, चार दिस हिला संभाळा, म्या मातीला जाऊन आलेच.' मी हो म्हणलं. गेली."

पाण्यात कापड बुडवल्याचा आवाज आला.

"पाचव्या दिवशी आली. न विचारता गेली म्हणून मायनं दाराला आतून कडी लावली. आबाराव वाड्याकडं, मेंढरांपाशी. मी तुला काखंला घेऊन दाराच्या आत उभी. तू रडून राह्यली होतीस. ती भाईरून म्हणत होती, 'वन्सं, घरात घेऊ नका, पण लेकराला पाजू तर द्या.' लई येळ म्हणत होती."

"मंग?" कापडाखालून अंजूचा आवाज आला.

"मी कडी काढली न्हाई."

"आजी म्हणली म्हणून?"

आत्यानं कापड पिळलं. "तसंच सांगत आले मी सगळ्यांला. पण माय तवा मागल्या अंगणात होती. कडी काढली असती तर तिला समजलं बी नसतं. माझं नशीब तुला ठाव हाये. नवरा गेला, कूस भरली न्हाई. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतंस. मला वाटलं, राहू दे. हे एवढं मला राहू दे. मंग तिच्या भावांनी काडीमोड घेतली. तिला आष्टीला दिली, दुसऱ्याला. बाजारात भाजी घेऊन बसती म्हणत्यात. जित्ती हाये."

घडी गरम झाली होती, पण ती कुणी उचलली नाही. अंजूला वाटलं उठावं, ओरडावं, हिला घराबाहेर काढावं. त्याच वेळी तिला हेही आठवत होतं, की गोवराच्या तापात याच बाईनं तिला पाठुंगळीला घेऊन पाच कोस चालत दवाखान्यात नेलं होतं. ती तशीच पडून राहिली. थोड्या वेळानं आत्यानं मुकाट्यानं घडी बदलली.

त्या दिवसापासून अंजूनं आत्याशी बोलणं सोडलं. आत्या घड्या ठेवत राहिली, ताटं वाढत राहिली. अंजू जेवायची आणि ताट सरकवून द्यायची. परमेश्वरानं एकदा विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"आठवड्यातून तीनदा आष्टीला जातो मी," तो म्हणाला. "बाजारच्या दिवशी तिथंच गाडी लावतो. भाजी बी तिथूनच आणतो कधीमधी. कोण जाणे कुणाच्या हातची घेतली असंल."

हे ऐकून मात्र अंजू रडली. आई दूर देशी असती तर वेगळं होतं. ती जीपच्या वाटेवर होती, आणि मधे चौतीस वर्षं गेली होती.

दिवाळी होऊन गेली आणि तोंड उतरायला लागलं. पुटकुळ्या वाळल्या, आग कमी झाली. गालांवर लाली होती, पण हनुवटीची खळी पुन्हा दिसू लागली. तिनं पार्लर उघडलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या गल्लीतली दीपमाला आली. तिचं लग्न दीड महिन्यावर होतं.

"ताई, ती ट्यूब द्या ना. माझ्या मावसबहिणीला दिल्ती तीच."

अंजूनं तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि तिला उजेडात जवळ बोलावलं. "बघ. त्याच ट्यूबनं झालंय हे. अन् हे उतरल्यावरचं हाये."

दीपमाला बघतच राहिली. तिच्या मावसबहिणीचा पत्ता घेऊन अंजू त्याच दिवशी तिच्याकडं गेली. मग एकेकीचं नाव आठवून ती घरोघर फिरली. दोघींनी तिला दारातूनच वाट्टेल ते सुनावलं. एकीची सासू म्हणाली, आमच्या सुनेचा रंग बिघडवलास, आता उपदेश करतेस? अंजूनं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

त्याच आठवड्यात आष्टीच्या बाजाराच्या दिवशी ती परमेश्वराच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. निघताना आत्या दारात उभी होती. कुठं जातेस हे तिनं विचारलं नाही.

बाजार ऐन भरात होता. अंजू भाजीवाल्या बायांच्या रांगेतून चालत गेली. प्रत्येकीच्या तोंडाकडं बघायची, हनुवटीकडं बघायची. खळी कुठंच दिसेना. शेवटी आईचं नाव घेऊन एका म्हातारीला विचारलं, "जयवंताबाई कोणच्या?" तिनं लिंबाच्या झाडाकडं बोट दाखवलं.

झाडाखाली पोतं अंथरून एक बारकीशी, सावळी बाई बसली होती. वय पंचावन्नच्या आसपास. हनुवटी निमुळती, त्यावर गोंदणाचा एक ठिपका. गाल आत गेलेले. पुढं करडईच्या भाजीच्या आणि मेथीच्या जुड्या. हातातल्या डब्यातून ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. अंजूला वाटलं, म्हातारीनं चुकीची बाई दाखवली. या तोंडात तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

"घे माय, कवळी हाये," बाई म्हणाली. "सकाळीच खुडली."

अंजू तिच्यापुढं उकिडवी बसली. बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरलं.

"उनात नको बसू, हिकडं सावलीला सरक. तोंडाला कामून बांधलंस एवढं? आजारी हाईस का?"

अंजूनं स्कार्फ खाली केला. जयवंताबाईनं आधी लाल गाल बघितले. "अगं बाई, काय झालं गं..." म्हणता म्हणता तिचा शब्द तुटला. ती हनुवटीकडं बघत राहिली.

"कोण्या गावची तू?"

"घनसावंगीची."

"कुणाची?"

"आबारावाची. अंजू."

जयवंताबाईनं मान खाली घातली आणि पुन्हा पाणी शिंपडायला लागली. एकाच जुडीवर, परत परत, जुडी निथळून पोतं ओलं झालं तरी. मग डबा खाली ठेवून तिनं शेजारणीला हाक दिली, "माझ्या जुड्यांकडं बघ गं जरा," आणि ती उठली. अंजू तिच्या मागं गेली. बाजाराच्या कडेला एक बंद गाळा होता. त्याच्या पलीकडं भिंतीच्या आडोशाला दोघी थांबल्या. जयवंताबाईनं इकडं तिकडं बघून घेतलं.

"माझा थोरला यील मला न्यायला," ती हळू म्हणाली. "त्याला काई ठाव न्हाई." आणि मग, "तुला बघितलं अन् वाटलं सासूबाईच उठून आल्या. त्येच गाल, तीच खळी. हुबेहूब."

अंजूला क्षणभर कळेचना. "आजीसारखी हाये मी?"

"तिनंच घडवल्यासारखी."

आजीचं तोंड अंजूला आठवतच नव्हतं. ती रांगत असतानाच म्हातारी गेली होती. ज्या हनुवटीला ती जन्मभर आई म्हणत आली, ती दाराला कडी लावणारीची निघाली.

"मंग तुझं काय हाये माझ्यात?" तिनं विचारलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "बघ ना नीट. कान? नखं? काई तरी असंल."

जयवंताबाईनं खरंच बघितलं. तिचे हात हातात घेऊन बोटं चाचपली, कानाच्या पाळ्या बघितल्या, केस मागं सारून मान बघितली. खोटं बोलायची तिला सवय नसावी. "न्हाई गं," ती शेवटी म्हणाली. "माझं काईच दिसत न्हाई."

तेव्हा अंजूनं तिला डॉक्टरणीचं सांगितलं. गालावरचे बारीक जीव, आठ पाय, गोचिडाचं कूळ, लेकरू पाजताना आईच्या गालावरून कसे येतात ते. कुणाकडून आले याची खात्री नाही हेही तिनं सांगितलं, लपवलं नाही. जयवंताबाई तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"म्हंजी," ती म्हणाली, "लोक लेकीला सोनंनाणं देत्यात, अन् म्या तुला किडे दिले?"

आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती हसायला लागली, अंजूलाही आवरेना. भिंतीला टेकून दोघी हसत राहिल्या. हसता हसता जयवंताबाईचा चेहरा कधी वाकडा झाला आणि ती कधी रडायला लागली, ते कळलं नाही.

"पाच महिने दूध थांबलं न्हाई माझं," ती म्हणाली. "भावाच्या घरी भाकर थापून राह्यले, की चोळी भिजायची. भावजय म्हणायची, फडकं आवळून बांध. तुझ्या लग्नाला आल्ते म्या. मांडवाच्या मागं उभी राह्यले. अक्षता टाकल्या अन् गेले. कुणी वळखलं न्हाई. तू बी लांबच होतीस."

अंजूनं तिचा गार, ओला हात आपल्या गालावर ठेवून घेतला. जयवंताबाईनं तो तसाच राहू दिला. मग विचारलं, "वन्सं हायेत का?"

"हायेत. माझ्यापाशीच असत्यात."

"तुला जीव लावला का तिनं?"

अंजूला खोटं सांगता आलं असतं. "लावला," ती म्हणाली. "लई लावला."

जयवंताबाईनं मान हलवली, दोनदा, तीनदा. "मंग बरं झालं," ती म्हणाली, पण ते म्हणायला तिला फार जोर लागला.

पलीकडून मोटारसायकलचा हॉर्न वाजला तशी ती दचकली. घाईघाईनं डोळे पुसले. "घरी येऊ नको, माय. बाजारात बी येऊ नको. म्या सांगन पोरांला, माझ्या तोंडानं सांगन. तवर नको." अंजूनं पर्समधून पार्लरचं गुलाबी कार्ड काढून तिला दिलं, त्यावर तिचा नंबर होता. जयवंताबाईनं ते न वाचताच चोळीत खोवलं. जाताना झाडाखालच्या पोत्यावरून तिनं करडईच्या चार जुड्या उचलून अंजूच्या पिशवीत कोंबल्या. तिचा थोरला गाडीवर बसूनच म्हणाला, "चल की आई, जल्दी." अंजूकडं त्यानं एक गिऱ्हाईक म्हणून बघितलं आणि नजर वळवली. कान त्याचे आईसारखे होते. अंजूनं ते बघून घेतलं.

घरी आल्यावर तिनं भाजी ओसरीवर ठेवली. आत्यानं जुडी हातात घेतली, पण तिची गाठ सोडली नाही.

"भेटली," अंजू म्हणाली. इतक्या दिवसांत आत्याशी बोललेला तो पहिला शब्द. "तुला विचारत होती. वन्सं हायेत का म्हणली."

आत्या जुडीकडं बघत राहिली. "वन्सं म्हणली?"

"व्हय."

आत्या उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. मग खाली बसून ती भाजी निवडायला लागली. अंजूही तिच्या समोर बसली आणि दुसरी जुडी सोडली.

त्यानंतर अंजू फोनची वाट बघायला लागली. मोबाइल आरशाच्या फळीवर ठेवायची, आवाज मोठा करून. बाजारचा एक दिवस गेला, दुसरा गेला. परमेश्वर आष्टीहून आला की ती काही न बोलता त्याच्याकडं बघायची. तो सांगायचा, "बसली होती. बरी दिसली." एकदा म्हणाला, "आज न्हवती." त्या दिवशी अंजूला जेवण गेलं नाही.

पाचव्या आठवड्यात दुपारी झेडपीच्या शाळेतल्या एक बाई भुवया करायला आल्या होत्या. अंजूच्या दातांत दोऱ्याचं टोक होतं, डावी भुवई नुकतीच संपली होती, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं दोरा तोंडातून सोडला.

"अंजू का? म्या हाये," पलीकडून आवाज आला. "सुनंचा फोन हाये. ती पाणी आणाया गेली, तवर बोलते. थोरल्याला सांगितलं काल."

"मंग? काय म्हणला?"

"काईच न्हाई. उठून शेतात गेला. सांजच्याला आला, जेवला. धाकल्याला आजून सांगितलं न्हाई." मग तिनं विचारलं, "तू जेवलीस का?"

"जेवले."

"काय केल्तं?"

"भाकरी अन् वरण. मिरचीचा ठेचा."

"कुणी केल्तं? तू का वन्संनी?"

"आत्यानं."

"किती खाल्ल्या भाकरी?"

"दोन."

"दोनच? अन् जावईबापू?"

अंजू सांगत राहिली. कुणी किती खाल्लं, ज्वारी कुठली, चुलीवर की गॅसवर. जयवंताबाई एक एक विचारत राहिली, मधे मधे 'बरं' म्हणत राहिली. मग पलीकडं हंडा ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी विचारलं आणि फोन बंद झाला. पुन्हा कधी करते, हे सांगायचं राहूनच गेलं.

अंजू फोन हातात धरून उभी होती. खुर्चीवरच्या बाईंनी आरशातून तिच्याकडं बघितलं. "कुणाचा होता?"

"माझ्या आईचा," अंजू म्हणाली. हे शब्द तिनं याआधी कधी कुणाला म्हटले नव्हते. तिनं फोन फळीवर ठेवला, जमिनीवर पडलेला दोरा टाकून रिळाचा नवा तोडला आणि उजव्या भुवईला सुरुवात केली.